कणाच गेला, पुढच्या मोसमात मुंबई सिटी उभी कशी राहणार? (मे २०२५)

निळा_डोंबिवलीकर

सुपर कपच्या उपांत्य फेरीत जमशेदपूरनं १-० नं हरवलं आणि आपल्या मुंबई सिटी फुटबॉल संघाचा २०२४-२५ चा मोसम संपला. हातात काहीच नाही. २९ मार्चला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) प्लेऑफमध्ये बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर ०-५ नं हरलो, ती रात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितोय. मला तुमच्याकडून दोन गोष्टी जाणून घ्यायच्यात. घोडं नेमकं कुठे अडलं, आणि पुढच्या वर्षीही प्रशिक्षक म्हणून क्रॅट्कीच हवा का?

माझं म्हणणं आधी मांडतो. ते ०-५ त्या रात्री झालं नाही, २०२४ च्या उन्हाळ्यातच झालं होतं. आठवा, ४ मे २०२४, आयएसएलची फायनल. कोलकात्याचं सॉल्ट लेक खच्चून भरलेलं, पहिला गोल मोहन बागानचा, आणि तरी आपण ३-१ नं कप आणला. बरोबरी डियाझनं साधली, मग बिपिन, मग अगदी शेवटी व्होइटस. त्या दिवशी कर्णधार होता राहुल भेके, आपल्या मुंबईचा पोरगा. तो बेंगळुरूला गेला. डियाझ तिकडेच. नोगेरा तिकडेच. आणि मधल्या फळीचा जीव असलेला आपुइया मोहन बागानला. बचाव सांभाळणारा, मधली फळी चालवणारा, चाल रचणारा आणि गोल मारणारा, चौघेही एकाच सुट्टीत गेले. त्यातले तिघे एकाच प्रतिस्पर्ध्याकडे. कांतीरवावर पाचवा गोल मारला तो डियाझनंच. दुसऱ्या कुणी मारला असता तर एवढं लागलं नसतं.

आकडेच बघा. २०२३-२४ च्या साखळीत २२ सामन्यांत ४२ गोल, ४७ गुण, साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शिल्ड फक्त एका गुणानं हुकली. यंदा २४ सामन्यांत २९ गोल. ९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव, ३६ गुण, सहावा नंबर. दोन सामने जास्त खेळून तेरा गोल कमी!

अंधेरीत जानेवारीत जमशेदपूरनं ०-३ नं धुतलं तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. आपल्या विंगर छांगटेला उजवीकडे चेंडू मिळायचा, तो मान वर करून आत बघायचा. आधीच्या मोसमात त्या क्षणी डियाझ स्टॉपरला ओढत जवळच्या खांबाकडे धावलेला असायचा आणि मागच्या मोकळ्या जागेत नोगेरा उभा असायचा. यंदा आत कुणीच धावत नव्हतं. तोवर छांगटेवर दोघे चाल करून आलेले. मग चेंडू मागे बचावातल्या मेहताबकडे, तिथून तिरीकडे, तिथून गोलकीपरकडे. पुन्हा तेच. माझ्या पुढच्या रांगेतला ढोलवाला प्रत्येक वेळी टिपरू उचलायचा आणि खाली ठेवायचा. देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून फेडरेशननं ज्याला लागोपाठ दोन वर्षं निवडलं, त्याच्यावर ही वेळ आणली आपण.

बालेवाडी_स्टॉपर

दादा, दुःख समजतं, पण निदान पटलं नाही. खेळाडू गेले म्हणून संघ कोसळला म्हणायचं, तर २०२३ चं काय? मधल्या फळीतला जाहू आणि बचावातला फॉल दोघेही ओडिशाला गेले. नोव्हेंबरात तेव्हाचा प्रशिक्षक बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेला. मोसमाच्या मध्यात ग्रेग स्टुअर्टही गेला. एवढं होऊनही कप आपणच जिंकलो, आणि तोही याच क्रॅट्कीच्या हाताखाली. म्हणजे त्या वर्षी भगदाडं यापेक्षा मोठी होती.

त्याच मोसमातले आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने मी बालेवाडीला बघितलेत. सहाच्या सहा हरलो, पण एकाही सामन्यात आपली पोरं चेंडू मागे देत बसली नव्हती. यंदा घरच्या मैदानावर नॉर्थईस्टकडून ०-३, मग पंधरा दिवसांत जमशेदपूरकडून ०-३. दोन्हीकडे एक गोल खाल्ल्यावर संघाला दुसरा मार्गच सुचत नव्हता. ते प्रशिक्षकाचं काम आहे. आणि बेंगळुरूचं बघा. मैदान तेच, समोरचा संघ तोच. ११ मार्चला बेंगळुरूला त्यांच्या घरात २-० नं हरवायचं आणि १८ दिवसांनी तिथेच पाच खायचे? त्यांनी मधल्या काळात अभ्यास केला, आपण केला नाही. माझं मत सरळ आहे, नवा माणूस आणा.

फातोर्डावाला

मी एफसी गोवाचा, तरी बोलतो, कारण बेंगळुरूचं दुखणं आम्हालाही आहे. आयएसएलच्या उपांत्य फेरीत तिकडे ०-२ नं हरलो होतो, घरी फातोर्ड्याला दोन गोल मारून बरोबरीत आणलं, आणि नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर छेत्रीचं ते हेडर! स्टेडियम एका क्षणात गप्प झालं. पण आम्ही खांदे पाडले नाहीत. महिन्याभरात भुवनेश्वरला सुपर कप जिंकला, आता आशियात खेळायची संधी आहे.

तुमच्याकडे आलेल्या मिडफिल्डर ब्रँडनबद्दल मात्र दोन शब्द. तो आमच्या घरचा, त्याचा खेळ आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. त्याला पुढे धावणारी माणसं लागतात. पुढे पळणारा दिसला की तो तीस यार्डांवरून चेंडू त्याच्या पायात टाकतो. तुम्ही त्याला आणलंत, पण धावणारे आणायचे राहून गेले. पुढच्या मोसमात त्याच्यासमोर वेगवान माणूस द्या, मग बघा.

शाहूपुरी_सातनंबर

आमच्याकडं कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, ओ. हरलं की पेठेत दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. एवढी ईर्षा आहे, एवढी पोरं खेळतात, आणि मुंबईच्या संघात आमचं कोण? अनिकेत जाधव आमचाच, २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. असली पोरं अजून आहेत की. भेके गेला म्हणून निळा भाऊ हळहळला, ते बरोबरच हाय. गाव आपलं असलं की पोरगं दोन पैशांसाठी लगेच जात नाही, आणि गेलं तरी जाताना त्याच्या जिवाला लागतं. क्लबनं मोसमाआधी एक मैत्रीपूर्ण सामना कोल्हापुरात ठेवावा. स्टेडियम भरवायची जबाबदारी आमची.

ठाणे_वेस्ट

सगळे पुढच्या मोसमाच्या गप्पा मारताय, पण फेडरेशन आणि आयएसएल चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीचा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपतोय. नव्याचा पत्ता नाही. फेडरेशनच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामुळे बोलणीही अडकली आहेत. करार मोसमाच्या मधोमध संपणार असेल तर कुठला क्लब चांगल्या परदेशी खेळाडूशी दोन वर्षांचा करार करेल? मला क्रॅट्की, डियाझ यांच्यापेक्षा याची जास्त धास्ती वाटते.

निळा_डोंबिवलीकर

सगळ्यांचं वाचलं.

स्टॉपर, २०२३ चा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर रात्रभर विचार केला. पण एक फरक बघ. जाहू आणि फॉल गेले तेव्हा तिरी आला, व्हॅन नीफ आला, आणि मुख्य म्हणजे आपुइया जागेवर होता. नवी माणसं त्याच्याभोवती बसली. यंदा भोवती बसायला मधे कुणी उरलंच नाही. यंदाचा स्ट्रायकर कारेलिस, त्याला मी दोष देणार नाही. ईस्ट बंगालविरुद्ध कोलकात्यात शेवटच्या मिनिटांत त्याच्या गोलानं ३-२ नं जिंकलो, तेव्हा मी घरात एवढा ओरडलो की शेजारचे काका बाहेर आले. पण तोही पेनल्टी बॉक्समध्ये एकटाच उभा असायचा. म्हणून मी क्रॅट्कीला अजून एक मोसम देईन, पण एका अटीवर. ऑगस्टच्या आधी आपुइयाच्या जागी त्याच ताकदीचा भारतीय मिडफिल्डर आला पाहिजे. परदेशी नव्हे, भारतीय. परदेशी दोन वर्षांत जातो, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तो आला नाही तर प्रशिक्षक कुणीही आणा, मी तुझ्या बाजूनं लिहायलाही येणार नाही.

फातोर्डावाले, ब्रँडनचं तुम्ही सांगितलंत ते सोळा आणे खरं. सुपर कपमध्ये चेन्नईयिनला ४-० नं हरवलं तेव्हा पोरं पुढे पळत होती, आणि त्या दिवशी खेळ बघायला मजा आली. माझी सगळी आशा त्याच सामन्यावर आहे. जमलं की आपल्याला येतं, हे तिथे दिसलं.

ठाणेकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. लीगच वेळेवर सुरू झाली नाही तर बाकीची चर्चा फुकट. तिथे आपण सगळ्या क्लबांच्या चाहत्यांनी मिळून फेडरेशनला पत्र लिहायला हवं. मसुदा मी लिहितो, मडगाव आणि कोल्हापूरहून सह्या मिळवून द्याल का?

आणि सातनंबर, मैत्रीपूर्ण सामन्याचं मी क्लबला कळवतोय. झालाच तर डोंबिवलीहून गाडी भरून येतो.

शाहूपुरी_सातनंबर

सह्यांचं माझ्यावर सोडा. तालमीत कागद फिरवतो, रविवारपर्यंत पाठवतो. पत्रात एक ओळ वाढवा: मोसमाचं वेळापत्रक आधी जाहीर करा, म्हणजे आमच्या स्थानिक स्पर्धांच्या तारखा त्याच्याशी भांडणार नाहीत.