उन्हाळी शिबिराच्या यादीत ओवीचं नाव

सचिव (सी-४०४): नमस्कार मंडळी. मुलांचं शिबिर ५ मे पासून, रोज सकाळी ८ ते १०, क्लब हाऊस. मातीकाम, ओरिगामी, बुद्धिबळ, क्रिकेट. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ७ ला बेसमेंटमध्ये ट्रेझर हंट. नावं आजच द्या.

ओवीची आई (बी-४०३): दादा, ओवीचं नाव घ्याल का? वय ९. ती पूर्ण अंध आहे, वर्षभर निवासी शाळेत असते, सुट्टीत घरी येते. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा.

निखिल (सी-२०१): वहिनी, आली तर आनंदच आहे. पण जिना, क्रिकेट, सगळं बघता जबाबदारी कोण घेणार? शिकवणारे सरही बाहेरचे आहेत. अशा मुलांसाठी वेगळी शिबिरं असतात ना? तिथे तिला जास्त शिकायला मिळेल असं मनापासून वाटतं.

ओवीची आई (बी-४०३): असतात, आणि आम्ही पाठवतोही. पांढरी काठी घेऊन चालणं, कॉम्प्युटर, भाजी चिरणं, बरंच शिकवतात. पण ते संपलं की घरीच यायचं ना? शाळेत तिला मैत्रिणी आहेत, आवार पाठ आहे, एकटी धावते. इथे हॉलमध्ये बसून खाली खेळणाऱ्या मुलांचे आवाज ऐकते. त्यांची नावंसुद्धा तिला आवाजावरून माहीत आहेत. त्यांना मात्र तिचं नाव माहीत नाही.

जोशीबाई (ए-१०२): मी अंध शाळेत नोकरी केली, म्हणून जरा लांब लिहिते. सुट्टीत घरी गेलेली मुलं जूनमध्ये परत येतात तेव्हा पाऊल बिचकत टाकतात, हे आम्ही दरवर्षी बघायचो. घरचे मायेपोटी हातात पाण्याचा ग्लाससुद्धा आणून देतात आणि शिकलेलं मागे पडतं. म्हणून ओवीने खाली यायलाच हवं.

निखिल, तुझी काळजी रास्त आहे. पण जिन्याला कठडा आहे, पायऱ्या एकसारख्या आहेत. सोबत एक-दोनदा चढली-उतरली की तिला जिना पाठ होईल. खरा धोका अर्धवट उघड्या दाराचा आणि बी विंगच्या पॅसेजमध्ये रोज वेगळ्या जागी लागणाऱ्या स्कूटरचा. दार एक तर पूर्ण उघडं ठेवा, नाहीतर बंद. तिला हात धरून ओढू नका. तिला तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. तुम्ही वळलात, थांबलात की तिला कोपरातून कळतं.

बोलायच्या आधी आपलं नाव सांगा. "ओळख बघू मी कोण?" असं मोठी माणसं प्रेमाने विचारतात, पण त्या पोरीची प्रत्येक भेटीत परीक्षा होते. कृपा करून हे कोणी करू नका.

ओरिगामीच्या सरांना सांगा, "इथे असं दुमडा" नको. "उजवा वरचा कोपरा डाव्या खालच्या कोपऱ्यावर आणा" असं बोला. इतर मुलांनाही ते नीट कळेल. मातीकामात काही बदल लागत नाही. बुद्धिबळाचा खास पट मिळतो: काळी घरं उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगट्यांना खाली खुंटी, आणि काळ्या सोंगट्यांवर टोचेल अशी खूण. बोटांनी सगळा डाव कळतो. दादरच्या कमला मेहता शाळेतल्या अंध मुली मल्लखांब करतात, तेव्हा आपल्या शिबिरातलं तिला झेपेल का, ही शंका सोडाच.

निखिल (सी-२०१): पटलं, बाई. पण क्रिकेटचं काय करायचं?

ओवीची आई (बी-४०३): अंध क्रिकेटचा चेंडू कडक प्लास्टिकचा असतो, आत छर्रे, त्यामुळे खुळखुळतो. बॉलिंग अंडरआर्म, टप्पा पिचच्या मध्याच्या आधी पडायला हवा. बॉलर "रेडी?" विचारतो, बॅट्समनने "येस" म्हटलं की "प्ले" ओरडून चेंडू सोडतो. पूर्ण अंध खेळाडूची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. आमच्याकडे तो चेंडू आहे.

निखिल (सी-२०१): दुप्पट? मग ओवी माझ्या टीममध्ये. सरांना मी आजच फोन करतो आणि क्रिकेटच्या वेळी तिथे थांबतो.

आर्यनची आई (ए-६०३): हे सगळं वाचून लिहायचा धीर आला. आर्यनला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. दिवसा समोरचं दिसतं, बाजूचं कमी. अंधार पडला की जवळजवळ काहीच नाही. धडकतो म्हणून मुलं त्याला धांदरट म्हणतात. बेसमेंटमध्ये ट्रेझर हंट असेल तर तो पोट दुखतंय म्हणून घरी बसेल. खरं कारण तो कुणाला सांगत नाही.

जोशीबाई (ए-१०२): अगं, आधी का नाही बोललीस? हंट सकाळी बागेत घेऊ. चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात, जाड काळ्या मार्करने. काही खुणा वासाच्या, काही आवाजाच्या: कढीपत्त्याची कुंडी, पाण्याचा पंप. आर्यन आणि ओवी दोघंही सगळ्यांच्या बरोबरीने शोधतील. आणि मुलांना कारण सांगायचं की नाही, ते आर्यनलाच ठरवू दे.

ओवीची आई (बी-४०३): ताई, ओवीला आर्यन चांगला ओळखू येतो. शिट्टी वाजवत जातो ना तो? दादा, एक दिवस तिला अर्धा तास द्याल का? ब्रेल, म्हणजे उठावाच्या ठिपक्यांची लिपी, लिहायची पाटी आणि स्टायलस (टोचणी) घेऊन येईल. कागद उजवीकडून डावीकडे टोचायचा, मग उलटून डावीकडून वाचायचा. एका घरात सहा ठिपक्यांची जागा असते. "आई" हा शब्द दोन घरांत मावतो: आ म्हणजे ३, ४, ५ नंबरचे ठिपके, ई म्हणजे ३ आणि ५. तिला कुणालातरी शिकवायची फार हौस आहे.

सचिव (सी-४०४): बुधवार ओवीचा. ट्रेझर हंट शेवटच्या दिवशी सकाळी ८ ला बागेत. जोशीबाई, सरांना भेटायला उद्या ६ वाजता क्लब हाऊसमध्ये याल का? ओवीच्या आई, तिलाही आणा, जागा फिरून बघेल. बी विंगच्या पॅसेजमधल्या चार स्कूटर आज रात्रीच पार्किंगमध्ये हलवा, गाडीमालकांना वेगळा फोन करतोय. बुद्धिबळाच्या पटासाठी वरळीच्या नॅबमध्ये (अंधांसाठी काम करणारी संस्था) कोण चौकशी करेल?

निखिल (सी-२०१): माझं ऑफिस तिकडेच आहे. शनिवारी जाऊन येतो.