पुश कार्ट ग्रीनवरून नेली तर काय बिघडतं?

कोणीतरी विचारलंय की गोल्फची बॅग ठेवून ढकलायच्या पुश कार्टची चाकं एवढी हलकी, ग्रीनवरून (होलभोवतीच्या एकदम बारीक कापलेल्या गवतावरून) नेली तर काय बिघडतं. अहो, कोरड्या दिवसात कदाचित नाही दिसणार, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर नुसता धो धो, गोव्यातल्या राजबागसारखा ९ होलचा समुद्राकाठचा कोर्स घ्या, गवत भिजलेलं असताना चाक फिरलं की चर पडलाच, आणि मागच्याचा पट (होलकडे हळूच मारलेला फटका) त्यातच वळणार. टी बॉक्सवरही (जिथून पहिला फटका मारतात) नाही न्यायची, बंकर (वाळूचा खड्डा) आणि ग्रीनच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातूनही शक्यतो नको.

मुख्य गोष्ट मात्र पार्किंगची. कार्ट ग्रीनच्या अलीकडेच सोडून जातात, मग होल संपला की परत मागे चालत, तोवर मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा! पुढच्या टीच्या बाजूलाच लावा ना, आणि उतारावर ब्रेक लावायला विसरू नका, नाहीतर सगळी बॅग तळ्यात.

आणि हो, बॉल चुकून आपल्याच कार्टला लागला तर २०१९ पासून पेनल्टी नाही, बॉल जिथे थांबेल तिथून खेळायचं. आधी पेनल्टीचा १ स्ट्रोक (फटका) जायचा. फक्त बॉल अडावा म्हणून कार्ट मुद्दाम आडवी लावली असेल तर मात्र पेनल्टीचे २ स्ट्रोक बसतात.