थेम्सच्या जुन्या छायाचित्रांतील नदी रिकामी का दिसते?

प्रश्न:
लंडनच्या चेल्सी भागातील थेम्सकाठाची जेम्स हेडर्ली यांनी टिपलेली जुनी छायाचित्रे मी सध्या पाहत आहे. १८७४ मध्ये तेथील दगडी बांध खुला झाला. त्याआधीचा मोडकातोडका, चिखलाचा काठ त्यांत जपला गेला आहे. चित्रकार व्हिसलर यांनी १८५९ मध्ये लंडनच्याच वॉपिंग परिसरात केलेल्या एचिंग-चित्रांत (धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून घेतलेल्या छापांत) मात्र नावा, डोलकाठ्या आणि माणसे यांची दाटी आहे, तर छायाचित्रांत पाणी बहुधा ओसाड आणि दुधासारखे गुळगुळीत दिसते. नदी एकच असताना एवढा फरक का? विश्वास कोणावर ठेवावा?

पहिले उत्तर:
आधी जागा तपासावी. वॉपिंग हे लंडन ब्रिजच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेने समुद्राच्या बाजूला आहे. चेल्सी पुलांच्या वरच्या अंगाला आहे, आणि उंच डोलकाठीचे जहाज त्या पुलांखालून जाऊ शकत नव्हते. त्यामुळे गर्दीतला काही फरक खराच होता.

उरलेला फरक तंत्रामुळे पडतो. त्या काळी काचेवर कोलोडियन या चिकट रासायनिक द्रवाचा थर देऊन, तो ओला असतानाच छायाचित्र घ्यावे लागे, आणि त्यासाठी भिंग कित्येकदा काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात वल्हवत पुढे गेलेली होडी धूसर रेघ बनते किंवा पूर्णपणे नाहीशी होते, आणि लाटा एकमेकींत मिसळून पाणी सपाट दिसते. ओहोटीच्या वेळी चिखलात टेकलेल्या नावा मात्र हलत नाहीत, म्हणून त्यांची फळीन् फळी स्पष्ट उमटते. काठावर माणसे ठळक दिसत असतील, तर ती बहुधा छायाचित्रकाराच्या सांगण्यावरून स्तब्ध उभी राहिलेली असतात.

दुसरे उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे, पण म्हणून चित्रकार अधिक प्रामाणिक ठरत नाही. चित्रकार टर्नर यांच्या १८३९ च्या प्रसिद्ध चित्रात ‘टेमेरेअर’ ही युद्धनौका डोलकाठ्यांसह, एकाच टगबोटीमागून (ओढून नेणाऱ्या छोट्या बोटीमागून) जाताना दिसते. प्रत्यक्षात १८३८ मध्ये तिला थेम्सच्या मुखाजवळच्या शीअरनेसहून लंडनमधील रॉदरहाइथला मोडीत काढण्यासाठी नेले तेव्हा डोलकाठ्या आधीच उतरवल्या होत्या आणि टगबोटी दोन होत्या. व्हिसलर यांनीही पुढे जुन्या बॅटरसी पुलाचे रात्रीचे चित्र काढताना पुलाची उंची बरीच वाढवली. चित्र म्हणून दोन्ही मला अतिशय प्रिय आहेत, पण जहाज किंवा पूल मोजण्यासाठी मी त्यांच्याकडे जाणार नाही.

तिसरे उत्तर:
नदीवरच्या कामाची रीत समजून घ्यायची असेल, तर थेम्स सोडून पूर्व इंग्लंडमधील स्टाउर नदीकडे वळावे, असे मी सुचवेन. चित्रकार कॉन्स्टेबल यांचे वडील तेथील फ्लॅटफर्ड गिरणीचे मालक होते, त्यामुळे मालवाहू नावांची ये-जा त्यांच्या बालपणापासून डोळ्यांसमोर होती. त्यांच्या १८१९ च्या ‘द व्हाइट हॉर्स’ या चित्रात नाव ओढणारा घोडा स्वतःच नावेत बसून पलीकडे जातो आहे, कारण ओढवाट, म्हणजे घोड्याने नाव ओढत चालण्याची काठावरची वाट, तेथे काठ बदलत असे. छायाचित्रण जाहीर झाले १८३९ मध्ये; त्याच्या वीस वर्षे आधीचा हा तपशील चित्रकाराने टिपला नसता, तर तो आपल्याला इतक्या जवळून दिसला नसता.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आता चेल्सीची छायाचित्रे पुन्हा पाहिली, तेव्हा एका ठिकाणी पाण्यावर फिकट आडवी रेघ आढळली. पहिल्यांदा मी तिला काचेवरचा डाग समजलो होतो.