चौघांचं लपण: 'हंटिंग ब्लाइंड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

सध्या एका शिकारविषयक हस्तपुस्तिकेचं मराठी करते आहे. तिच्यातलं एक अख्खं प्रकरण चार-पाच जणांना एकत्र बसता येईल असा मोठा 'हंटिंग ब्लाइंड' (शिकाऱ्यांनी जनावरांच्या नजरेआड बसायची जागा) कसा बांधायचा यावर आहे, आणि मी पहिल्याच वाक्याला अडले. आधी 'मचाण' लिहिलं. पुढे वाचलं तर ही वस्तू जमिनीवरच आहे, तिला भिंती, छप्पर, दार आणि खिडक्या आहेत. मग 'आडोसा' लिहून पाहिलं, पण 'आडोशाचं दार', 'आडोशाचं छप्पर' हे कानाला बरं लागेना. भाषांतराच्या यंत्राने 'शिकार आंधळा' असं दिलं, ते तर सोडूनच द्यायला हवं.

दुसरी अडचण 'रूमी', म्हणजे भरपूर जागा असलेला, या विशेषणाची. 'प्रशस्त' म्हटलं की डोळ्यांपुढे दिवाणखाना येतो. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर

'लपण' लिहा. पक्षी पाहणारे, वन्यजीवांचे फोटो काढणारे हा शब्द रोज वापरतात. 'लपणात बसलो होतो', 'लपणातून पाहिलं' ही वाक्यं आता कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. ब्रिटिश इंग्रजीत ज्याला 'हाइड' म्हणतात आणि अमेरिकन इंग्रजीत 'ब्लाइंड', ती वस्तू हीच. कॅमेरा असो की बंदूक, लपणाचं काम बदलत नाही.

'मचाण' तुम्ही खोडलंत ते योग्यच केलंत. मचाणात उंची आहे. संस्कृत 'मञ्च'च्या कुळातला हा शब्द. माचा, माची, मंचक ही त्याची भावंडं. राजगडाच्या सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या माच्या आठवा, तिथेही उंचावरची सपाटी हाच अर्थ आहे. मचाणावरचा माणूस उंचीमुळे सुटतो: जनावर सहसा मान वर करून पाहत नाही आणि माणसाचा वासही बराचसा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून मचाणाला चार फांद्यांचा आडपडदा पुरतो. जमिनीवर मात्र तुम्ही जनावराच्या डोळ्यांच्या आणि नाकाच्या पातळीवर असता. तिथे भिंत लागतेच.

शेतात पाखरं राखायला उभारतात तो 'माळा'ही याच कारणाने बाद. शिवाय तिथे राखणदार लपत नाही. तो दिसावा, ओरडावा, गोफण फिरवावी म्हणून तर वर बसतो.

आता लपणे, दडणे, दबणे, टपणे. आपण ही क्रियापदं एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण नीट पाहिलं तर प्रत्येकाची बैठक वेगळी आहे. लपणारा दुसऱ्याच्या नजरेपासून स्वतःला झाकतो. दडणारा कशाच्या तरी आत शिरतो, म्हणून बिळात दडतात आणि पाऊसही दडी मारतो. दबा धरणाऱ्याचं अंग आखडलेलं असतं, तो झेप घ्यायच्या बेतात असतो. त्याला भिंत नसते, दबा ही वस्तूच नव्हे, ती अंगाची एक ठेवण आहे. आणि टपणाऱ्याचं सगळं लक्ष सावजावर असतं, तो दिसला तरी चालतो. तुमच्या पुस्तिकेत जमिनीत खड्डा खणून वर झाकण ओढून बसायचा प्रकार आला (मोकळ्या शेतात उतरणाऱ्या रानहंसांसाठी तसं करतात), तर त्याला खुशाल 'दडण' म्हणा. माणूस तिथे खरोखर जमिनीच्या पोटात गेलेला असतो.

लिंगाचा घोळ आहे, तो आधीच मिटवा. 'ते लपण, लपणात' आणि 'ती लपण, लपणीत' अशी दोन्ही रूपं कानावर येतात, जशी 'मचाणावर' आणि 'मचाणीवर'. मी नपुंसकलिंगी वापरतो. पुस्तकभर एकच ठेवा म्हणजे झालं.

विशेषणाबद्दल म्हणाल तर 'ऐसपैस'. प्रशस्त असतात ती दालनं आणि रस्ते. ऐसपैस हा शब्द आधी माणसाच्या बसण्याला लागतो, जागेला नंतर, आणि लपणाची मोठाई मोजायची ती बसलेल्या माणसावरूनच. खांद्यांपुरती २ फूट रुंदी एका माणसाला पुरते. पण कोपर उचलून बंदूक किंवा दुर्बीण फिरवायची तर ३ फूट लागतात. चौघे एका ओळीत बसणार असतील तर समोरची बाजू १२ फूट झाली. खोली ६ फूट ठेवली की खुर्ची आणि गुडघे मावून पाठीमागून एकाला वाकून जाता येईल इतकी वाट उरते. ती वाट नसेल तर एकाला बाहेर जायचं झालं की तिघांना उठावं लागतं, आणि मग लपण कशाला बांधलं!

इथे 'मावणे' आणि 'ऐसपैस बसणे' यांतला फरक पुस्तिकेच्या भाषांतरात सांभाळाच. ८ फुटांत चौघे मावतात. बसत नाहीत.

आणखी एक मत

'लपण' मान्य आहे, पण तो शब्द जागा सांगतो, बांधणी सांगत नाही. झुडपामागची मोकळी जागाही लपणच. दार, छप्पर, चार भिंती असलेल्या वस्तूला आमच्याकडे 'खोपी' किंवा 'खोप' म्हणतात. 'लपणखोपी' असा जोडशब्द का नको? प्रकरणाच्या शीर्षकात तो शोभेल आणि पहिल्याच वाक्यात वस्तूचं चित्र उभं राहील. पुढे नुसतं 'लपण' चालेल.

दुसरं असं की बांधणीचे शब्द नव्याने घडवत बसू नका, खोपीचे शब्द तयार आहेत. जमिनीत पुरायचा, वर बेचकं असलेला खांब तो मेढ. मेढींवर आडवं टाकायचं ते आढं. आढ्यापासून उतरते वासे. वाशांवर गवत किंवा पेंढा घालायचा त्या कामाला शाकारणी म्हणतात. काठ्या उभ्या लावून आडव्या कांबींनी बांधून घेतलेली भिंत म्हणजे कूड. बांबूच्या चिपांची विणून केलेली, उचलून नेता येते ती ताटी. हे शब्द वापरलेत तर 'उभ्या आधारस्तंभांवर क्षैतिज तुळई' वगैरे लिहावं लागणार नाही.

पुन्हा प्रश्न

'लपणखोपी' शीर्षकाला घेते, फार आवडला. 'आढं' आणि 'मेढ' मला माहीत होते, पण या कामाला उपयोगी पडतील असं डोक्यातच आलं नव्हतं.

आता भिंतीतल्या भोकांचं सांगा. मूळ पुस्तिकेत दोन प्रकार आहेत. एक कापडी पडदा वर सरकवता येतो ती रुंद खिडकी. दुसरं नुसतं अरुंद उभं भोक, ज्यातून बंदुकीची नळी बाहेर काढतात. दोन्हींना 'खिडकी' म्हटलं तर गोंधळ होतो. 'फट' लिहू का?

उत्तर

फट नको. फट राहून जाते, ती कुणी मुद्दाम ठेवत नाही. दाराला फट असते, भिंतीला फट पडते. मुद्दाम ठेवलेल्या अशा भोकाला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: जंगी. किल्ल्यांच्या तटाबुरुजांत मारा करण्यासाठी ठेवलेली भोकं म्हणजे जंग्या. आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतला माणूस जवळजवळ दिसत नाही. तुमच्या पुस्तिकेतलं भोक त्याच कामाचं आहे. तटासाठी घडलेला शब्द कुडाच्या भिंतीला लावायला मला काहीच हरकत दिसत नाही. तो वापरात राहील याचा आनंदच वाटेल.

एकाच ठिकाणी जपा. 'जंगी' हे विशेषणही आहे, जंगी सभा, जंगी तयारी. 'जंगी लपण' लिहिलंत तर वाचणारा अवाढव्य लपण समजेल. म्हणून पहिल्या उल्लेखात 'माऱ्याची जंगी' लिहा. पुढे अनेकवचन 'जंग्या' आलं की संशय उरत नाही.

खिडक्यांच्या संदर्भात एक गोष्ट स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, कारण तिच्यामुळे एक शब्द मला नव्याने कळला. आम्ही पाच जणांनी फोटोंसाठी लपण बांधलं होतं. कूड दाट, वर डहाळ्या खोचलेल्या, समोर तीन खिडक्या आणि हवा यावी म्हणून मागेही दोन. पहिल्या दिवशी हरणं यायची, थबकायची आणि वळून जायची. आमचं म्हणणं, वारा उलटा असेल. दुसऱ्या दिवशी मी बाहेर राहिलो आणि ४० पावलांवर जाऊन लपणाकडे तोंड करून उकिडवा बसलो. समोरच्या खिडकीतून मागच्या खिडकीचा उजेड आरपार दिसत होता. त्या उजेडाच्या चौकोनात चार डोकी काळीभोर उमटली होती, आणि त्यातल्या एकाने टोपी सारखी केली तेव्हा तो सगळा चौकोन लुकलुकल्यासारखा झाला. कूड दाट होता, डहाळ्या हिरव्या होत्या, आणि तरी आम्ही उघड्यावर बसलो होतो.

मागच्या खिडक्या काळ्या कापडाने बंद केल्या, आतून सगळीकडे काळं कापड लावलं. त्यानंतर त्याच जागेवरून पाहिलं तर खिडक्या म्हणजे तीन काळी भोकं, आत काही आहे असं वाटेना. आपण 'आडोसा' म्हणतो तो वस्तूचा असतो, भिंतीचा, झाडाचा. खिडकीमागच्या माणसाला काळोखाचा आडोसा लागतो. म्हणून आडोसा हा शब्द तुम्ही टाकून देऊ नका. लपणाचं नाव म्हणून तो कमी पडतो, पण 'मागून उजेड आला तर आडोसा गेला' अशा वाक्यात त्याच्याइतका चपखल दुसरा नाही.

आत बसणाऱ्यांचे कपडेही मग गडदच हवेत, आणि निळा नको. हरणांना तांबडा-नारिंगी रंग नीट वेगळा कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. पक्ष्यांना सगळेच रंग दिसतात, त्यांच्यासाठी पुस्तिकेत वेगळी सूचना असेल तर ती गाळू नका.

पुन्हा प्रश्न

सूचना आहे. शेवटचा तुकडा सुरक्षिततेचा आहे, तो सगळ्यात महत्त्वाचा आणि तिथेच माझी भाषा सर्वांत परकी झाली आहे. 'प्रत्येक व्यक्तीचे अग्निक्षेत्र पूर्वनिश्चित असावे' असं लिहून बसले आहे.

उत्तर

अग्निक्षेत्र वाचून वणवा डोळ्यांपुढे येतो. 'कुणी कोणत्या बाजूला बार काढायचा हे आत शिरण्याआधी ठरवा' असं सरळ लिहा. 'बार' हा बंदुकीचा जिवंत शब्द आहे: बार भरतात, बार काढतात, बार उडतो. 'मझल'ला नळीचं तोंड, 'ट्रिगर'ला चाप. सुरक्षिततेची वाक्यं वाचून कळावी लागतात, आणि ती क्षणात कळावी लागतात. तिथे संस्कृत शब्द जोडून भारदस्तपणा आणू नये असं माझं ठाम मत आहे.

अनेकांच्या लपणात धोकाही अनेकांचा असतो. एकाच वेळी एकच बंदूक भरलेली, बाकीच्या रिकाम्या, हा नियम पुस्तिकेत असेलच. नसेल तर प्रकाशकाला विचारून घाला. आत शिरताना आणि बाहेर पडताना बंदूक रिकामी. नळीचं तोंड जंगीतून पूर्ण बाहेर गेल्याशिवाय चापाला बोट नाही. आणि कानांचं सांगा: बंदुकीच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, बंद भिंतींत तो परतून कानावर येतो, आणि शेजारच्या माणसाला तो बार कधी उडणार हे ठाऊकही नसतं. कान झाकायचे ते लपणातल्या सगळ्यांनी.

इथे 'माणूस' आणि 'जण' यांच्याकडेही लक्ष द्या. 'चार व्यक्तींसाठीचे लपण' असं तुम्ही लिहिलं असेल असा माझा अंदाज आहे. 'चौघांचं लपण' लिहा. 'चौघांचा तंबू', 'दोघांचा पलंग' म्हटलं की किती जणांची सोय आहे ते कळतं, वेगळं विशेषण लागतच नाही. 'ऐसपैस' हे जिथे कोपरांच्या जागेची चर्चा आहे तिथे राखून ठेवा.

आणखी एक मत

बसायच्या साधनाला 'आसन' म्हणू नका एवढंच सांगायला आले. मूळ पुस्तिकेत न करकरणाऱ्या खुर्च्या घ्या असं सांगितलेलं असतं, तिथे 'करकरणे' हेच क्रियापद ठेवा. खुर्ची करकरते, दार कुरकुरतं, पाचोळा चुरचुरतो. लपणाच्या आतला पाचोळा झाडून माती उघडी ठेवायची असते ती या चुरचुरीसाठीच. आवाजाचे हे शब्द इंग्रजीतून आणायची गरज नाही, आपल्याकडे त्यांची वाण नाही.

पुन्हा प्रश्न

पहिला परिच्छेद नव्याने केला, तो असा:

"लपणखोपी कायमची बांधायची तर जागा आधी पाहावी, लाकूड नंतर आणावं. दार पाठीमागे ठेवावं, म्हणजे जनावर येतं त्या बाजूला जाण्यायेण्याची हालचाल होत नाही. चौघांच्या लपणाला समोरून १२ फूट आणि आत ६ फूट जागा असली की सगळे ऐसपैस बसतात. मेढी पुरून आढं चढवलं की आधी खुर्च्या मांडाव्या, चौघांनी त्यांवर बसून पाहावं, प्रत्येकाच्या डोळ्यांची उंची काठीवर खूण करून घ्यावी आणि मगच कुडात खिडक्या व माऱ्याच्या जंग्या ठेवाव्यात. बांधून झालं की लगेच आत जाऊन बसू नये. काही दिवस लपण तसंच राहू द्यावं, जनावरांच्या नजरेला ते सरावाचं होऊ द्यावं."

उत्तर

छान उतरलं आहे. 'सरावाचं होऊ द्यावं' ऐवजी 'जनावरांची नजर त्याला सरावू द्यावी' करा. सरावते ती नजर, लपण नव्हे. बाकी एकाही शब्दाला हात लावू नका.