मदत हवी आहे: मॉरिशसचा किनारा एका दिवसात, रूट सुचवा (अर्जंट)

खारावारा
एकच दिवस उरलाय आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचंय. गाडी भाड्याने घेतोय. यूट्यूबवर प्रत्येकजण वेगळंच सांगतो, डोकं फिरलंय. प्लीज फक्त रूट सांगा, 'सगळंच सुंदर आहे' नको.

पाय_भिंगरी
डोळे झाकून इल ओ सर्फ बेट. बोटीने जायचं, दिवस कसा जातो कळत नाही. आम्ही तर परत यायलाच तयार नव्हतो.

नकाशेवाला
राहताय कुठे? महिना कोणता? सोबत कोण? हे न सांगता रूट कसा सांगणार हो?

खारावारा
जून. हॉटेल ग्रां बे. मी, बायको, आई.

नकाशेवाला
मग इल ओ सर्फ सोडा. जूनमध्ये आग्नेयेचे वारे जोरात असतात आणि ते बेट नेमकं पूर्वेला, म्हणजे वारा सरळ अंगावर. पश्चिम बाजू त्या मानाने शांत. त्यात ग्रां बे पार उत्तरेला.

पाय_भिंगरी
आम्हाला काही वारा लागला नाही.

नकाशेवाला
तुम्ही कधी गेला होतात?

पाय_भिंगरी
डिसेंबर. पण समुद्र तोच ना.

सुशीलामावशी
बाळा, रुपये तिथे पण चालतात पण आपले नाही हो, मॉरिशसचे वेगळे. आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची.

खारावारा
मावशी धन्यवाद, पण रूट??

डोंगरदरी
ल मॉर्न चुकवू नका. ५५६ मीटरचा कडा एकदम समुद्रातून वर आल्यासारखा. पळून आलेले गुलाम तिथे लपायचे, म्हणून २००८ मध्ये जागतिक वारशात गेला. पहाटे निघून वर चढा, खालचा लगून (प्रवाळाच्या आतलं उथळ, शांत पाणी) वरून जो दिसतो ना, त्याला तोड नाही.

खारावारा
आईचे गुडघे दुखतात, चढणं नाही. आणि हो, त्याच दिवशी रात्री ९ ची फ्लाइट आहे, चेकआउट करूनच निघणार.

नकाशेवाला
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं!! विमानतळ आग्नेयेला आहे, म्हणजे रूट आपोआप ठरला. लवकर निघा नाहीतर पोर्ट लुईसच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ जाईल. पश्चिमेने तामारिन, मग ल मॉर्नचा बीच (डोंगर खालून बघायचा), पुढे बे द्यु कॅपजवळ मॅकोंडेचं वळण, रस्ता अगदी पाण्याला चिकटून जातो. मग ग्री ग्री. तिथे बाहेर प्रवाळाची भिंत नाही म्हणून लाटा थेट कड्यावर आपटतात, पाण्यात अजिबात उतरायचं नाही, पण पार्किंगजवळच्या हिरवळीवरून सगळं दिसतं, आईंना चालावं लागणार नाही. शेवटी ब्लू बे, तिथून विमानतळ जवळच. काच लावलेल्या बोटीतून प्रवाळ बघता येतं, अंग ओलं न करता.

डोंगरदरी
आणि सूर्यास्त? पश्चिम किनारा सकाळी उरकायचा म्हणजे कमाल आहे. फ्लिक एन फ्लाकला संध्याकाळी थांबा.

नकाशेवाला
जूनमध्ये पावणेसहाच्या आसपास सूर्य बुडतो. मग अंधारात सामान घेऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाला पळायचं, ९ ची फ्लाइट, सोबत आई. तुम्ही चालवणार का गाडी?

डोंगरदरी
मी पोचलो असतो.

ऊसमळा
थोडं अवांतर, तिकडे कोकणातून गेलेली मराठी मंडळी आहेत पिढ्यान्‌पिढ्यांची, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कुणी तिथल्या कास्काव्हेल गावाला गेलंय का? आमच्या आडनावाची माणसं सापडतील का बघायचंय.

सुशीलामावशी
हो का! गणपती तिकडे? आडनाव काय तुमचं?

खारावारा
नकाशेवाले काका, तुमचा रूट फायनल. सामान डिकीत ठेवून बीचवर गेलं तर चालेल ना?

नकाशेवाला
सगळं दिसणार नाही असं ठेवा, पासपोर्ट अंगावर. गाडी विमानतळावरच परत करता येते का ते भाड्याने देणाऱ्याला आधीच विचारा. आणि काका नको, मी ३४ चा आहे.

पाय_भिंगरी
तरी म्हणते, इल ओ सर्फ एकदा बघाच.