प्रश्न जीपच्या भाड्याचा आहे

हालअपेष्टांमुळेच निर्वासित पोरं चिवट होतात आणि पुढे चॅम्पियन बनतात, असं बरेचदा म्हटलं जातं. मला नाही पटत. कॅनडाचा फुटबॉलपटू अल्फॉन्सो डेव्हिसचं बघा. लायबेरियातल्या युद्धातून पळालेल्या आईबापांचा हा मुलगा २००० साली घानातल्या बुडुबुराम छावणीत जन्मला, पाच वर्षांचा असताना कॅनडात पोहोचला. एडमंटनला शाळेनंतरच्या एका मोफत फुटबॉल लीगमध्ये तो खेळू लागला. फी नाही, बूट-कपडे लीगचेच, आणि मैदानावर नेण्या-आणण्याची सोयही लीगचीच. (आईबाप कामावर गेलेले असले की हीच सोय सगळ्यात मोठी.) २०२० मध्ये त्याने बायर्न म्युनिक या जर्मन क्लबकडून चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा जिंकली, २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये कॅनडाच्या पुरुष संघाचा पहिलावहिला गोलही त्याचाच.

हाल आमच्या नंदुरबारकडे काय कमी आहेत? सरदार सरोवर धरणात गावं बुडाली, अक्कलकुवा-धडगावची कुटुंबं तळोदा-शहाद्याकडे वसवली गेली. कित्येक घरं दरवर्षी ऊसतोडीला जातात, पोरांसकट. सातपुड्याचे चढ ही पोरं सहज पळतात हो! पण जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं म्हटलं की जीपचं भाडं कोण देणार? बहुतेक वेळा क्रीडाशिक्षकच खिशातून देतात.