कॅमेरा म्हणजे कॅमेराच? नाही हो

'कॅमेरा'सारखे शब्द युरोपभर सारखेच, तिथे घोळ होत नाही, असं वाटतं खरं. माझा झाला. फ्लॉरेन्समध्ये एका जुन्या घराच्या दारावर 'कामेरे' अशी पाटी दिसली, म्हटलं इथे मेमरी कार्ड मिळेल. आतल्या आजीबाईंनी थेट किल्ल्यांचा जुडगाच पुढे केला! इटालियनमध्ये 'कामेरा' म्हणजे खोली. त्यांच्या संसदेचं कनिष्ठ सभागृहही 'कामेरा'. फोटो काढायचं यंत्र मात्र 'माक्किना फोतोग्राफिका'. फ्रेंचमध्ये आणखी वेगळं: 'कामेरा' म्हणजे चित्रीकरणाचा कॅमेरा, साध्या फोटोसाठी 'आपारेय फोतो'. स्पॅनिश 'कामारा' खोलीवजा दालनालाही चालतो आणि यंत्रालाही, आणि 'कामारेरो' म्हणजे वेटर.

मूळ लॅटिन अर्थ कमानदार छताची खोली. अंधाऱ्या खोलीत भोकातून उलटी प्रतिमा पाडायचे, ती 'कामेरा ऑब्स्क्युरा'; पुढे 'अंधारी' गळालं आणि नुसती 'खोली' यंत्राच्या गळ्यात पडली. एका खोलीत राहणारा सैनिक तो स्पॅनिश 'कामाराडा', त्यावरूनच आपले कॉम्रेड. हिंदीतला 'कमरा'ही पोर्तुगीजांकडून आला असं मानतात.

यातली खरी गंमत आपल्याच पेपरांत आहे. 'इन कॅमेरा सुनावणी' म्हणजे बंद खोलीत, बाहेरच्यांना मज्जाव. आणि 'इन कॅमेरा शवविच्छेदन' म्हणजे चक्क व्हिडिओ शूटिंग करून. एकाच पानावर दोन्ही बातम्या आल्या तर वाचकाने काय समजायचं?